नाक्यावरचा बांबू

एसटी थांबली आणि ड्रायव्हरने सरळ इंजिनच बंद करून टाकलं. मी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. पुढे कापसाने भरलेले दोन ट्रक होते, एक ट्रॅक्टर होता, आणि त्यांच्याही पुढे रस्त्यावर आडवा टाकलेला एक लांबलचक बांबू. लाल-पांढरे पट्टे मारलेला, जकात नाक्याचा.

"अहो, जकात तर बंद झाली ना?" मी कंडक्टरला विचारलं.

"झाली नं. चार वर्स झाले."

"मग हा बांबू कसला?"

"जकात बंद झाली, मॅडम. बांबू कुठी बंद झाला?"

एवढं बोलून त्याने डोळे मिटून घेतले. गाडीत कुणालाच घाई नव्हती. एक आजोबा तेवढ्यात तंबाखू मळून घेत होते, पुढच्या बाकावरची बाई बोरं खात होती. घाई फक्त मला होती, आणि घाई असलेल्या माणसाला एसटीत कोण विचारतं! थोड्या वेळाने बांबू वर गेला. गाडी नाक्याजवळून निघाली तेव्हा खाकी शर्टातल्या एका उंच माणसाने आमच्या ड्रायव्हरला सलाम केला, ड्रायव्हरनेही केला. जकात नाही, पावती नाही, नुसतेच सलाम. धामणखेड हे गाव जरा वेडं असावं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मी तेव्हा जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयात होते. होते म्हणजे बसत होते. नोकरीला आहे असं फक्त माझी आई सांगायची, तेही लग्नाच्या बोलण्यात. मोजणी निघाली की मला बोलवायचे, मोजणी संपली की "कळवतो" म्हणायचे. हंगामी. आंब्याला असतो तसा मला हंगाम होता.

राज्यातल्या जिल्हा परिषदांत, नगरपरिषदांत किती माणसं कामावर आहेत, त्याची दरवर्षी गणती व्हायची. नगरपरिषदा तक्ता भरून पाठवायच्या, आम्ही बेरजा करून वर पाठवायचो. त्या वर्षी मात्र वरून हुकूम आला, की जागेवर जाऊन माणसं मोजा. पुढच्या वर्षापासून पगाराचं अनुदान या आकड्यावरच मिळणार होतं. जेवढी डोकी मोजली, तेवढ्यांचाच पगार. कायम माणसांना प्रवासाचा कंटाळा, म्हणून आमच्या देशकर साहेबांनी मला पिटाळलं. निघताना म्हणाले, "बोंद्रे, आकडा आणू नका. आकडा मी इथे बसूनही काढतो. माणसं बघून या."

नगरपरिषदेत पोचले तर मला वाटलं मी चुकून मंगल कार्यालयात शिरले. बायका ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, पुरुषांच्या डोक्याला तेल, शर्टांना इस्त्री. मागच्या बाजूने आलुबोंडे तळल्याचा वास येत होता.

"लग्न आहे का कुणाचं?" मी विचारलं.

"मोजणी हाये नं, मॅडम!" पुढे झालेले गृहस्थ म्हणाले. हे ढोक, तिथले बडेबाबू. हेडक्लार्कला तिकडे बडेबाबू म्हणतात, आणि ढोक त्या नावाला शोभतील असेच होते. ठेंगणे, गोल, कपाळावर बुक्का, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मुख्याधिकारी रजेवर होते (ते राज्य सरकारचे, या तक्त्यात धरत नसत), त्यामुळे त्या दिवशी नगरपरिषद म्हणजे बडेबाबूच.

मग त्यांनी मला सांगितलं की धामणखेडात मोजणीचा दिवस हा सण असतो. "कसं हाये मॅडम, झाडूवाले येतेत पहाटे, पाणीवाले राती, शाळावाले दुपारी. एकाच घरचे, पण कोणी कोणाले दिसत नाई. मोजणीच्या रोजी सगळे एका वक्ती दिसतेत. मंग आलुबोंडे करतो, चहा करतो, अन् फोटो काढतो."

दालनातल्या भिंतीवर ते फोटो ओळीने लावले होते, वर्षाला एक. पायऱ्यांवर उभी राहिलेली माणसं, मध्ये खुर्चीत त्या-त्या वेळचे साहेब. मला ते बघून खरंच बरं वाटलं. आमच्या कार्यालयात निरोप समारंभाशिवाय कुणी कुणाचा फोटो काढत नसे.

शाळावाले मधल्या सुट्टीत धावत आले आणि मोजणी झाली. मी नाव घ्यायचे, समोरचा "हाजिर" म्हणायचा. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईसुद्धा लाजत लाजत हाजिर म्हणाल्या. तक्त्यावर एकसष्ट, समोर एकसष्ट. बडेबाबू जावयाकडे बघावं तसे माझ्याकडे बघायला लागले.

"छान," मी म्हटलं. "आणि तो नाक्यावरचा माणूस?"

शकुंतलाबाई नावाची शिपाईबाई चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती जागच्या जागी उभी राहिली.

"कोणता माणूस?" बडेबाबू म्हणाले.

"खाकी शर्टवाला. बांबू धरून उभा होता."

"आमच्याइथं बांबूवाला असं पदच नाई, मॅडम."

"पद नसेल. माणूस आहे ना?"

"तो असाच हाये."

"असाच म्हणजे?"

"म्हणजे... असतो तिथं."

मी उठून भिंतीपाशी गेले. जुन्या फोटोंत तो मला लगेच सापडला, उंचीमुळे. सगळ्यात मागच्या रांगेत, बडेबाबूंच्या बाजूला, दरवर्षी हसत. शेवटच्या चार फोटोंत नव्हता. मी त्याआधीच्या फोटोवर बोट ठेवलं. बडेबाबूंनी चष्मा काढला, परत लावला, आणि म्हणाले, "शकुंतला, चहा आतमंधी आण. अन् दार लावून घे."

आतल्या खोलीत त्यांनी सगळं सांगितलं. बांबूवाल्याचं नाव श्रीहरी मोहोड, नगरपरिषदेचा नाकेदार. जकात बंद झाली तेव्हा धामणखेडात पाच नाकेदार होते. वरून विचारणा झाली, की जकातीचे किती लोक कामावर आहेत ते मोजून कळवा. मोजणीच्या दिवशी मोहोड दवाखान्यात होता. त्याच्या बायकोच्या अंगावरून वारं गेलं होतं. कारकुनाने समोर दिसले तेवढे चार लिहून पाठवले.

"दोन महिन्यात चौघांच्या ऑर्डरी आल्या, मॅडम. अतिरिक्त म्हणून. एक गडचिरोलीकडं, एक नांदेडकडं, एकाले कुठीसा कोकणात टाकला, त्याले समुद्राची भीती वाटे. चौथ्याची बायको इथं, पोरं तिथं, अन् तो मधात एस्टीत. जे मोजले ते गेले. जो सुटला तो राह्यला." ते पुढे वाकले. "म्हणून आमी ठरवलं, याले मोजायचंच नाई."

"आणि पगार?"

"तो देतो नं. नगरपरिषदेच्या सोताच्या पैशातून. तक्त्यात नाव नाई, एवढंच."

चार वर्षं हे चाललं होतं. वर्षभर मोहोड सगळ्यांचा होता. मोजणीच्या दिवशी तेवढं सगळे मिळून त्याला नाक्यावर बसवत. बिल्ला काढून ठेवायला लावत. एवढ्या मोठ्या कार्यालयात हे गुपित कुणी फोडलं नव्हतं, आणि आमच्याकडे दोन माणसांतला चहाचा विषय संध्याकाळपर्यंत तिसऱ्याला कळायचा!

"त्याची सुमन अजून खाटेवर हाये," बडेबाबू म्हणाले. "मेहुणी येऊन करते तिचं. याले दूर धाडलं तं त्या बाईले पाणी कोण पाजन?"

मी त्यांना अनुदानाचं सांगितलं. यापुढे मोजलेल्या माणसांचाच पगार मिळणार. जकात गेल्यापासून नगरपरिषदेच्या तिजोरीत काय उरलंय, ते माझ्यापेक्षा त्यांना ठाऊक. "मोहोडांना किती दिवस सांभाळाल?"

"जवरोक हाये तवरोक."

"आणि निवृत्तीनंतर? पेन्शन मागायला गेले तर वरचे विचारतील, हा माणूस कोण? इतकी वर्षं कुठल्याच मोजणीत नाही."

हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच ते बशीत चहा ओतून तसाच ठेवून बसले होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, सरकार मोजते तं नेते. म्या डोळ्यानं पाह्यलं."

मी देशकर साहेबांना फोन लावला.

"साहेब, एक माणूस जास्त आहे."

"जास्त? सगळीकडे कमी निघतात, तुमचा जास्त कसा निघाला?"

"जकातीचा आहे. या वर्षीच्या तक्त्यात जकातीचा रकानाच नाही. कुठे टाकू?"

"तो करतो काय?"

"ते... माहीत नाही."

"मग फोन कशाला केला? जाऊन बघा. जे काम करतो त्या रकान्यात टाका. काहीच करत नसेल तर अतिरिक्त." फोन आदळला. साहेबांचा आवाज असा, की 'अतिरिक्त' दाराबाहेरही ऐकू गेलं असेल. बडेबाबूंचं तोंड एवढंसं झालं.

"चला माझ्याबरोबर नाक्यावर," मी म्हटलं.

"मी नाई येत. तुमी पाह्यलं तं पाह्यलं. म्या दाखवलं नाई."

मी एकटीच चालत गेले. थंडीचे दिवस, चार वाजून गेलेले, ऊन मऊ झालं होतं. वाटेत मी स्वतःशीच प्रार्थना करत होते, की हा माणूस काहीतरी करत असू दे. काहीही. झाडांना पाणी घालत असला तरी चालेल, उद्यानाच्या रकान्यात टाकीन. खोटं लिहायची माझी तयारी नव्हती आणि 'अतिरिक्त' लिहायला हात धजणार नव्हता.

नाक्याची खोली निळ्या रंगाची, बाहेर बाक, बाकाशेजारी दोन माठ. मोहोड माठ विसळत होता. पन्नाशीच्या अलीकडचा, उंच, थोडा वाकलेला.

"बसा ताई. एस्टी साडेपाचले येते."

"मी एसटीसाठी नाही आले. मोजणीवाली आहे."

त्याने पेला खाली ठेवला. "मी नगरपरिषदेचा नाई."

"मग हा शर्ट?"

"जुना हाये. देल्ला कोनीतरी."

शर्ट उन्हाने पार विटला होता. फक्त छातीवर एक चौकोन अजून गर्द खाकी होता, बिल्ल्याएवढा. मी तिकडे पाहिलं. त्याने हात तिथे ठेवला.

"नाव काय तुमचं?"

"श्रीहरी."

"आडनाव?"

"नाई."

"आडनाव नाही?"

"हाये. पण तुम्हाले सांगून फायदा काय? तुमी लिहून घ्याल."

मला हसू फुटलं. तोही हसला, पण त्याची नजर माझ्या पिशवीवरून हटली नाही. मी पुढे काही बोलणार तेवढ्यात रस्त्यापलीकडे घंटा झाली. त्याने मला तिथेच सोडलं, दोर सोडला, आणि बांबू सरसर खाली आला. भरधाव येणारा कापसाचा ट्रक करकचून थांबला. मला वाटलं आता ड्रायव्हर शिव्या देईल. तो खाली उतरला आणि माठातलं पाणी प्यायला.

मग मला दिसलं. रस्त्यापलीकडे नगरपरिषदेची शाळा होती. फाटकातून पोरं भसाभस बाहेर आली, आणि मोहोड रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. शिट्टी नाही, झेंडा नाही.

"हळू, हळू! मंग्या, चप्पल हाती काहून? पायात घाल. ए पोट्टे हो, पळायचं नाई." एक दप्तराएवढीच मुलगी आली, तिने काही न विचारता त्याचं बोट धरलं आणि अलीकडे येऊन सोडलं. रोजचंच असावं. सगळ्यात शेवटी एक गुरुजी सायकल ढकलत गेले. मोहोडने दोन्हीकडे पाहिलं, दोर ओढला. ड्रायव्हरने सलाम केला आणि ट्रक गेला. सकाळी माझी एसटी कशासाठी थांबली होती, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. ती दुपारची शाळा भरायची वेळ होती.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"कोनीच नाई. जकात बंद झाली तवा बांबू वर करून ठेवला. गाड्या अशा सुटल्या, ताई, का विचारू नका. आधी त्या नाक्यावर थांबत होत्या नं, म्हणून पोट्टे बिनधास्त जात. आठ दिवसात एका पोट्टीले ट्रकनं धक्का देल्ला. वाचली, पण पाय गेला. दुसऱ्या रोजी म्या बांबू खाली टाकला. गाड्या थांबल्या. त्याईले वाटलं जकात परत चालू झाली." तो हसला. "आता सगळ्याईले ठाऊक हाये. तरी थांबतेत. बांबू दिसला का पाय बिरेकवरच जाते."

मी बाकावर बसले आणि त्यालाही बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"मोहोडभाऊ, बडेबाबूंनी मला सगळं सांगितलंय. मी तुम्हाला मोजलं तर शाळेच्या रकान्यात टाकीन, कारण काम शाळेचं आहे. पण वरचे ते मानतील, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. नाही मानलं, तर तुम्हाला कुठेही पाठवतील."

"अन् नाई मोजलं तं?"

"तर बडेबाबू आहेत तोवर..."

"बडेबाबू मार्चात रिटायर होऊन राह्यले." त्याने माठावर झाकण ठेवलं. मग एकदम म्हणाला, "ताई, तुम्हाले कोण मोजते?"

"मला?"

"म्हणजे तुमच्या खात्याची मोजणी झाली तं तुमी कोणत्या रकान्यात?"

हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. सगळ्या जिल्ह्याची माणसं माझ्या हाताखालून गेली होती आणि कुठल्याच तक्त्यात मी नव्हते. "कुठल्याच नाही," मी म्हटलं. "मी हंगामी आहे. मोजणीपुरती."

"म्हणजे तुमचंबी बांबूसारखंच हाये," तो म्हणाला. इतकं मायेने म्हणाला, की मला वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं.

"फोटो झाला का आज?" त्याने विचारलं.

"नाही अजून."

"दरसाली शकुंतलाबाई माह्यासाठी आलुबोंडे बांधून आणते. विसरत नाई." तो आता बसला. "घरी गेलो का सुमन विचारते, फोटो काढला? मी म्हणतो, काढला. ते विचारते, कोणाच्या बाजूले उभे होते? मी सांगतो, बडेबाबूच्या. चार वर्स झाले, हेच सांगतो. तिले खाटेवरून उठता येत नाई, ते कायले भिंत पाह्यले येते! पण तिच्याजवळ खोटं बोलावं लागते, ताई."

तो उठून खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात धडप्याची गुंडाळी होती. आत बिल्ला होता, चिंच लावून घासलेला असावा इतका लखलखीत. त्याने तो शर्टावर लावला. त्या गर्द चौकोनावर तो बरोब्बर बसला.

"लिहा. श्रीहरी तुकाराम मोहोड. लपून काम करता येते, ताई. लपून म्हातारं नाई होता येत."

मी लिहिलं. हा माणूस स्वतःच्या पायाने पुढे आला होता आणि मी त्याला काहीच वचन दिलेलं नव्हतं.

मी पेनाचं टोपण लावते न लावते तोच गावाकडून माणसांचा घोळका येताना दिसला. पुढे लुनावर बडेबाबू, मागे इस्त्रीचे शर्ट आणि ठेवणीतल्या साड्या. आलुबोंड्यांचं पातेलं घेऊन दोघंजण, आणि तिपाई खांद्यावर टाकलेला फोटोवाला. बडेबाबूंनी लुना उभी केली आणि पहिल्यांदा बिल्ल्याकडे पाहिलं.

"श्रीहरी, बिल्ला कायले लावला बे?"

"मोजून घेतलं, बडेबाबू."

"आता तुले नेलं तं सुमनले म्या काय तोंड दाखवू?"

"नेलं तं नेलं. तुमी चार वर्स ठेवलं नं." त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. बडेबाबूंनी त्याला उठवलं नाही, स्वतःच तोंड फिरवून चष्मा पुसत राहिले. दोऱ्याची गाठ सुटली, काडी लोंबायला लागली, तरी पुसतच होते.

"आता रडता कायले?" शकुंतलाबाई पुढे झाली. दारामागून तिने सगळं ऐकलं होतं, आणि सगळ्यांना गोळा करून आणणारी तीच होती. "मॅडमनं पाह्यलंच हाये तं आता लपवायचं कोणापासून? म्या सांगून देल्लं सगळ्याईले, औंदा श्रीहरीभाऊ नसन तं फोटोच नाई."

"मले नाक्यावरून येता नाई येत," मोहोड म्हणाला. "वरच्या वर्गाच्या पोरी सुटायच्या हायेत."

"म्हणूनच आमी आलो नं, येड्या!"

वरच्या वर्गाची घंटा झाली, बांबू खाली आला, मुली अलीकडे आल्या आणि तमाशा बघत तिथेच थांबल्या. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहिल्या. नगरपरिषदेची सगळी माणसं बांबूपुढे उभी राहिली. डॉक्टरीणबाई पुढे बसल्या, उंच मोहोड मागे, बडेबाबूंच्या बाजूला. एकही हॉर्न वाजला नाही. माझी साडेपाचची एसटी त्याच रांगेत होती, आणि सकाळचाच कंडक्टर खिडकीतून डोकं काढून "हसा बापा, हसा" म्हणत होता.

मी फोटोवाल्याच्या शेजारी उभी होते.

"ताई," मागच्या रांगेतून मोहोडची हाक आली, "तुमी तिकडं काहून?"

"मी नगरपरिषदेची नाही हो!"

"मीबी मघाशी नव्हतो."

सगळे हसले. शकुंतलाबाईने येऊन माझा हात धरला आणि मला ओढत नेऊन स्वतःच्या शेजारी उभं केलं. तिच्या हाताला आलुबोंड्याच्या तेलाचा वास होता.

अपेक्षेप्रमाणे महिन्याभराने वरून विचारणा आली, की शिक्षणाच्या रकान्यात नाकेदार कसा? देशकर साहेबांनी उत्तर स्वतः लिहून काढलं. आमच्या गणकाने प्रत्यक्ष काम पाहिलं आहे, काम शाळेचं आहे, शंका असल्यास दुपारच्या शाळेच्या वेळी धामणखेडला येऊन खात्री करावी. कुणी आलं नाही. मार्चच्या अखेरीस कार्यालयात माझ्या नावाने फोन आला. पलीकडे बडेबाबू. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "नेलं नाई, मॅडम," म्हणाले, आणि फोन ठेवून दिला. मोहोड शाळेचा चौकीदार झाला होता. आठ-नऊ वर्षांनी तिथूनच पेन्शनीत निघाला, आणि त्यानंतरही दुपारी बांबूपाशी जाऊन उभा राहायचा, असं शकुंतलाबाई मला सांगत असे. तिचे फोन अजून येतात. मला कायम व्हायला मात्र पुढची सहा वर्षं लागली.

त्या मार्चच्या फोननंतर आठवड्याने पोस्टाने फोटो आला. खाली बडेबाबूंनी त्यांच्या गोल अक्षरात रांगेरांगेने सगळ्यांची नावं लिहिली होती. मोहोडचं नाव, शेजारी त्यांचं स्वतःचं. आणि शेवटी, एकूण त्रेसष्ट. आता मोजणीवालीच मी. एकसष्ट आणि मोहोड धरून बासष्ट, हा आकडा मी स्वतः वर पाठवलेला होता. बडेबाबूंची बेरीज चुकावी याचं मला वाईट वाटलं. शेवटचं काम म्हातारपणी चुकलं, असं होऊ नये म्हणून मी लगेच त्यांच्या घरी फोन लावला.

"बडेबाबू, फोटो पोचला. पण तुमचा आकडा चुकलाय. एक जास्त आहे."

"पुन्हा मोजा," ते म्हणाले.

मी रिसीव्हर कानाशी धरून फोटोवर बोट ठेवत मोजायला लागले. पुढची रांग, मधली, मागची. शकुंतलाबाईच्या शेजारी बोट आलं आणि थांबलं. खाली नाव होतं, कु. प्रतिभा बोंद्रे.

"चुकलं का, मॅडम?" पलीकडून आवाज आला.

मी फोन ठेवला. देशकर साहेब समोरच्या टेबलावरून चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते.

"काय झालं, बोंद्रे? धामणखेडचा आकडा चुकला?"

"हो, साहेब. एकाने."

"कमी की जास्त?"

"जास्त," मी म्हटलं, आणि पदराने डोळे पुसले.